तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

अल्विना ‘ये’ म्हणाली आणि टिल्मनच्या हातातला फोन जड झाला.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून, तो बहिणीला डब्यूकला फोन लावायचा. आधी हवेचं बोलणं. इकडे ला क्रॉसला बर्फ किती, तिकडे किती. मग नदीचं. दोघं एकाच मिसिसिपीच्या काठी, तो वरच्या अंगाला, ती खालच्या. त्याच्या दारावरून गेलेलं पाणी तिच्या दारावरून जायचं, एवढंच काय ते दोघांमधलं येणंजाणं. मग गुडघ्यांचं. आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणायचा, “येऊन जाऊ का एकदा?”

“कशाला रे,” ती म्हणायची, “रस्ते खराब आहेत.”

भर जुलैत, रस्त्यावर उन्हं खेळत असली, तरी रस्ते खराबच असायचे. “बरं तर,” म्हणून तो फोन ठेवायचा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्या या विस्कॉन्सिनच्या मुलखात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पहिलं विचारणं म्हणजे रामराम. दुसरं म्हणजे माया. तिसऱ्यांदा विचारलं, की मग समजायचं, माणसाच्या मनात खरंच आहे, मग हळूच म्हणायचं, “बरं, तुला एवढा त्रास होणार नसेल तर.” कॉफीचा दुसरा कप असो की बर्फात रुतलेली गाडी ओढून काढायची असो, रीत तीच. या रीतीनं आमची लग्नं जमली आणि या रीतीनंच कितीतरी मोडली.

त्या रविवारी टिल्मननं नेहमीसारखं विचारलं, आणि पलीकडून श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, “ये, टिल.”

“काय?”

“ये म्हटलं. लवकर ये.”

रस्त्यांचं ती काही बोलली नाही. फोन तिनंच आधी ठेवला. टिल्मन भिंतीशी तसाच उभा राहिला. मार्चचा महिना. खिडकीबाहेर बर्फ काळवंडला होता, आणि आभाळ असं खाली आलेलं, की शेजारच्या घराचं धुराडं त्यात बुडालं होतं. अल्विनाचं दुखणं त्याला ठाऊक होतं. ते किती पुढे गेलंय, ते त्याला या एका शब्दानं कळलं. डॉक्टरनं सांगितलं असतं तरी एवढं कळलं नसतं.

जायचं तर होतं. जायचं कसं, हा प्रश्न होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आणि गेल्या पानगळीत त्याचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत, मधली नजर गेली. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट होई आणि कडेकडेचं लख्ख दिसे. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघावं लागे. गाडीचा परवाना त्यानं स्वतःहून परत केला होता. गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी होती.

सोमवारी सकाळी तो पलीकडच्या घरी लायल आणि जॉर्जिनकडे कॉफीला गेला. जन्मभराचे शेजारी; आधी शेताला शेत लागून, आता घराला घर. टेबलावर जॉर्जिननं भाजलेल्या खजुराच्या वड्यांचं ताट होतं आणि त्यात एकच वडी उरली होती. शेवटची वडी आमच्याकडे कुणी घेत नाही. लायलनं तिची अर्धी घेतली. टिल्मननं अर्ध्यातली अर्धी घेतली. उरलेला तुकडा ताटात पोरका होऊन पडला.

“डब्यूकचा रस्ता मोकळा आहे म्हणे,” टिल्मन म्हणाला.

लायलनं कॉफी ढवळली. तो कॉफीत काही घालत नाही; विचार करायचा असला की नुसती ढवळतो. “असेल मोकळा. बर्फावर मीठ टाकलंय त्यांनी.”

“वरचा म्हणतोय मी. डोंगरमाथ्यावरचा.”

“तो वाऱ्यानंच साफ होतो.”

“काल अल्विनाशी बोललो.”

“कशी आहे?”

“ये म्हणाली.”

चमचा थांबला. मोरीपाशी भांडी विसळणारी जॉर्जिन वळली. “कितीदा विचारल्यावर म्हणाल्या?”

“एकदाच.”

छपरावरचं वितळलेलं पाणी खिडकीवरून टपटपत होतं.

“मी नेतो की तुला,” लायल म्हणाला.

“छे, छे. तुला कशाला त्रास. तुझी ती पाठ.”

“पाठीला काय करायचंय? गाडी चालणार, पाठ बसून राहणार. नेतो म्हटलं ना.”

“नको रे. बघतो. एखादी बस जात असेल.”

झालं, दोन झाले. आता तिसरं. लायलनं कप बाजूला सारला, दोन्ही हात टेबलावर ठेवले, खांदे पुढे घेतले. टिल्मनच्या ओठांवर ‘बरं, तुला त्रास होणार नसेल तर’ येऊन बसलंसुद्धा होतं. तेवढ्यात जॉर्जिन जिन्याशी गेली आणि ओरडली, “लायल, तळघरात पाणी शिरलंय. पंप बंद पडलाय बघ.”

लायल उठून धावला. खालून बादल्यांचे आवाज यायला लागले, मग त्याच्या शिव्या, मग पुन्हा बादल्या. टिल्मननं टोपी घेतली. आमच्याकडे दारातला निरोप बैठकीपेक्षा लांबतो. त्या निरोपात राहिलेलं विचारून होतं. पण निरोप द्यायला दारात कुणी नव्हतं. तो जरा वेळ पायपुसण्यावर उभा राहिला, जिन्याच्या दिशेनं “येतो मी” म्हणाला, आणि घरी आला.

संध्याकाळी ओले मोजे काढताना जॉर्जिननं नवऱ्याला विचारलं, “तिसऱ्यांदा विचारलंस का त्यांना?”

“राहिलं. पण त्याला यायचं नसावं. बसचं म्हणत होता.”

“बस? इथून डब्यूकला बस कोण सोडतं, तुझे काका?”

“मग उद्या विचारतो.”

“विचार.”

लायल मोजा हातात घेऊन बसून राहिला. “पण उद्या विचारलं, तर ते तिसरं धरायचं की पुन्हा पहिलं?”

हसण्यासारखं होतं, पण जॉर्जिनला हसू आलं नाही. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मंगळवारी कोवळं ऊन पडलं. रस्ते काळेभोर, कोरडे झाले. टिल्मन खिडकीशी बसून लायलच्या दाराच्या कडेला बघत राहिला, म्हणजे दार दिसेल. लायल बाहेर आला, टपालपेटी उघडली, बंद केली, टिल्मनच्या घराकडे बघून हात केला. टिल्मननं हात केला. लायल आत गेला.

मग टिल्मनला एक युक्ती सुचली. तोंडानं मागणं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. पण वस्तू बाहेर ठेवायला कुणाची मनाई? त्यानं माळ्यावरची प्रवासाची बॅग काढली, झटकली आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी. आता ज्याला समजायचं त्यानं समजावं.

लायलनं बॅग पाहिली. “जॉर्जिन,” तो पडदा सोडत म्हणाला, “बॅग बाहेर काढलीय त्यानं. भाची येणार असेल न्यायला. बरं झालं, मी मध्ये तोंड घातलं नाही.”

“खरंच?”

“नाहीतर बॅग कोण भरतं?”

आणि त्या दिवशी त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं. बॅग कठड्यावरच राहिली. रात्री तिच्यावर दव पडून गोठलं.

बुधवारी भाचीचा फोन आला. रोझान, अल्विनाची एकुलती एक मुलगी, दवाखान्यातली नोकरी सोडून आईपाशी येऊन राहिली होती. “मामा, निघालात का? आई सारखी विचारते, निघाला का म्हणून.”

“निघतोच आहे,” टिल्मन म्हणाला.

“मी आले असते घ्यायला. पण तिला एकटीला सोडवत नाही.”

“छे, तू कशाला. अजिबात नको.”

“रस्ते कसे आहेत तिकडचे?”

टिल्मननं खिडकीबाहेर, रस्त्याच्या जरा बाजूला पाहिलं. रस्ता ऊन खात पडला होता. “खराब आहेत,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला. अल्विना घरून गेली तो दिवस त्याला आठवला. डब्यूकचा, कॅथलिक, जर्मन पोरगा; म्हणजे आमच्यातला नव्हे. बाबा लग्नाला गेले नाहीत; ‘तंबाखू लावायची आहे’ म्हणाले. तंबाखूची लावणी कधीच होऊन गेली होती. आई दारात उभी राहून एकदाच म्हणाली, “राहतेस का अजून दोन दिवस?” आणि अल्विना म्हणाली, “नको.” आईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारलं नाही, हे घरात पुढे कुणी कधी काढलं नाही. त्या राहून गेलेल्या विचारण्यावर एक आख्खं आयुष्य डब्यूकला जाऊन वसलं.

गुरुवारी दुपारी पाऊस आला. आमच्याकडचा मार्चातला पाऊस, आभाळातून पाणी म्हणून सुटतो आणि जमिनीला काच होऊन लागतो. झाडं काचेची झाली, तारा काचेच्या झाल्या, पायऱ्या काचेच्या झाल्या. लायल मिठाची बादली घेऊन आला आणि न विचारता टिल्मनच्या पायऱ्यांवर मीठ फेकायला लागला. असं काम आमच्याकडे विचारून करत नाहीत. विचारलं तर नको म्हणावं लागतं.

दार उघडलं. टिल्मन सपाता घालून, उघड्या डोक्यानं पायरीवर आला.

“आत जा, घसरशील,” लायल म्हणाला.

“लायल, मला डब्यूकला ने.”

लायलच्या मुठीतलं मीठ तसंच राहिलं. भर रस्त्यात कुणी अंगावरचे कपडे उतरवावेत, तशी त्यानं नजर खाली वळवली. इतक्या वर्षांत टिल्मननं त्याच्याकडे कधी शिडीसुद्धा मागितली नव्हती. शिडीच्या जवळ उभं राहून छपराकडे बघत राहायचा.

“भाची येणार होती ना?”

“कोण म्हणालं?”

लायलनं कठड्यावरच्या, बर्फाचं कवच चढलेल्या बॅगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “उद्या सकाळी निघू. आज या काचेवर कुणी निघणार नाही.”

संध्याकाळी जॉर्जिनच्या टेबलावर नकाशा पसरला. आता बोलणी मोकळी झाली होती, आणि मोकळं बोलायला वाटेइतकं सोपं दुसरं काय असतं.

“नदीकाठानं जाऊ,” लायल म्हणाला. “खाली हवा उबदार असते.”

“धुकं असतं खाली. आणि वळणं किती. तुझं जेवण वर येईल,” जॉर्जिन म्हणाली.

“माझं जेवण तू केलेलं असतं, ते एरवीही वर येतं.”

“मग उद्या उपाशी जा.”

टिल्मन नकाशाच्या कडेवर नजर ठेवून बसला होता, म्हणजे मधली गावं दिसतील. “डोंगरावरून,” तो म्हणाला. “अंतर थोडं जास्त असलं तरी चालेल, पण धुकं नको.” मग त्यालाच वाटलं, हा आपला हुकूम झाला. “म्हणजे, तुला चालणार असेल तर.”

“चालेल,” लायल म्हणाला. पहिल्याच फटक्यात म्हणाला, आणि जॉर्जिननं नकाशावरून मान वर केली.

मग ठरलं. डिकीत वाळूची पोती टाकायची, चाकं घसरू नयेत म्हणून. फावडं, घोंगडी, मेणबत्ती. थर्मासमध्ये कॉफी. वाटेत फेनिमोरला पाय मोकळे करायचे. जॉर्जिननं हॅमचं आणि बटाट्याचं भांडं भट्टीत घातलं. दुखण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाणार कसं. भांड्याच्या तळाला तिनं चिकटपट्टीवर आपलं नाव लिहून लावलं, भांडं परत यावं म्हणून. टिल्मनला जरा हलकं वाटलं. आखलेली वाट म्हणजे अर्धी चाललेली वाट, असं त्याला वाटलं. तेवढा वेळ त्याला वाटलं.

सकाळी, तो बुटाची नाडी बांधत असताना, फोन वाजला.

“मामा,” रोझान म्हणाली, “काल संध्याकाळपासून आई बोलत नाही. डोळे मिटलेत. नर्स म्हणाली, ऐकू येत असेल. पण बोलणार नाही आता.”

“निघालोच,” टिल्मन म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

वाटेवर कुंपणांना, मक्याच्या ठोंबांना, गोठ्यांच्या छपरांना बर्फाची सालं चिकटलेली होती. उजेड होता, पण तो कुठून येत होता कळत नव्हतं. सूर्य असा कुठे नव्हताच. लायल दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. व्हिरोक्वा मागे पडल्यावर तो म्हणाला, “मी विचारणारच होतो त्या दिवशी.”

“माहीत आहे.”

“जॉर्जिननं हाक मारली.”

“माहीत आहे रे.”

“मग मंगळवारी येणार होतो. मग ती बॅग दिसली.”

टिल्मननं खिडकीकडे तोंड केलं. “बॅग मी तुझ्यासाठीच ठेवली होती,” तो म्हणाला.

पुढे कितीतरी मैल वायपर कोरड्या काचेवर फिरत होता, आणि दोघांपैकी कुणीही तो बंद केला नाही.

डब्यूकचं घर टेकडीवर होतं. दारात रोझाननं मामाला मिठी मारली, भांडं घेतलं, म्हणाली, “बुधवारपर्यंत नुसता धोशा लावला होता तिनं. कुठवर आला, कुठल्या रस्त्यानं येतोय. मी म्हणायची, येतायत. काल दुपारी म्हणाली, आल्यावर त्याला विचार, वरच्या रस्त्यानं आलास का. मग नाही बोलली.”

लायल टोपी काढून तिथंच भिंतीला टेकला.

खोलीत पलंग खिडकीपाशी ओढलेला होता. टिल्मन खुर्चीवर बसला. समोर पाहिलं, तर उशीवर नुसता धूसर ठिपका. मग त्यानं नजर खिडकीकडे वळवली आणि बहिणीचा चेहरा कडेनं दिसायला लागला. केवढासा झाला होता. नाक आईचं. श्वास यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, अंधाऱ्या जिन्यावर पायरी चाचपडत यावं तसा.

काय सांगायचं होतं तिला? ‘लवकर ये’ म्हणाली, ते कशासाठी? आता ते कळायची वाट बंद झाली होती. माफी द्यायची होती की मागायची होती, की नुसतं हवेचं बोलायचं होतं. त्यानं तिचा हात हातात घेतला. हात थंड नव्हता.

“वरच्या रस्त्यानंच आलो, अल्विना,” तो म्हणाला.

जन्मभर दोघं हवेचं बोलले, आणि आज हवेत बोलण्यासारखं काही नव्हतं. मग त्यानं खुर्ची पुढे ओढली.

“चल, घरी जाऊन येऊ,” तो म्हणाला. “विचारत नाहीये तुला. मी ठरवलंय. दुपारीच निघायचं. आधी नदीवरचा पूल, पुलावर काच खाली करायची नाही, वारं बोचतं. पहिलं गाव डिकीव्हिल. तिथं थांबायचं नाही, तुझ्या नवऱ्याचे नातलग भेटतील, बसशील बोलत. दुसरं गाव लँकास्टर. कोर्टाच्या घुमटाला वळसा घालायचा आणि सरळ निघायचं. तिसरं गाव फेनिमोर, तिथं कॉफी. तुला ॲपल पाय हवा असेल, तर अर्धा मी खाईन, अर्धा तू खा. शेवटचा घास तूच घ्यायचा.”

रोझान दाराशी येऊन उभी राहिली होती.

“मग बॉस्कोबेल. तिथं पुन्हा एक पूल, विस्कॉन्सिन नदीचा. पाणी पसरट, मध्ये वाळूची बेटं. मग चढ. सोल्जर्स ग्रोव्ह आठवतं? किकापू नदीनं गाव बुडवलं, तर लोकांनी गावच उचलून वर नेलं. रीड्सटाउन. मग व्हिरोक्वा. बाबा तंबाखू घेऊन जायचे ती वखार आहे अजून, पण तंबाखू नाही आता. तू गाडीवर तंबाखूच्या जुड्यांवर बसायचीस, आणि मी रडायचो, मला खाली बसवलं म्हणून.”

श्वास थांबला. टिल्मन थांबला. पुन्हा आला, लहान.

“वेस्टबी,” तो हळू म्हणाला. “चर्चपाशी जरा उतरायचं. आई तिथंच आहे, लायलॅकच्या झाडाखाली. तिनं एकदाच विचारलं होतं तुला. पण स्वयंपाकघरात ती रोज विचारायची, अल्विना. भाकरीचं पीठ मळताना. मी ऐकलंय.”

त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला थकल्यासारखं झालं.

“आता उतार,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंना ओक. उताराच्या तळाशी...”

“मामा,” रोझान म्हणाली. तिनं पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, आई गेली.”

“कळलं मला,” टिल्मन म्हणाला. हात त्यानं सोडला नाही. “पण उतारावर कसं सोडू तिला? घर आलंच आहे.”

बाहेर छपरावरून बर्फाचं एक साल सुटलं आणि घसरत खाली गेलं.

“उताराच्या तळाशी,” त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि अडखळला. इतक्या वर्षांत तो त्या जुन्या शेताकडे गेला नव्हता. शेत परक्यांनी घेतलं होतं. तळाशी रस्ता फुटायचा, पण कुठल्या बाजूला, ते त्याला काही केल्या आठवेना. तो खिडकीकडे बघत राहिला.

“चीजचा जुना कारखाना येतो,” दारातून लायल म्हणाला. टोपी त्याच्या दोन्ही हातांत होती. “तिथं डावीकडे वळ.”

“डावीकडे,” टिल्मन म्हणाला. “वळलो. हे बघ, अल्विना, आता खडीचा रस्ता लागला.”